जमीन परत मिळाली, कागद नाही

1913 चा जुलै. दक्षिण गोलार्धात ऐन थंडीचे दिवस. सोल प्लायकी नावाचा कृष्णवर्णीय पत्रकार दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात सायकलवरून हिंडत होता. वाटेत त्याला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं भेटत होती. गाडीत भांडीकुंडी, मागे गुरं, आणि मुक्कामाला जागा नाही. अशाच एका कुटुंबाचं आजारी मूल प्रवासात दगावलं. पुरायचं कुठं? गाडी जिथून जिथून चालली होती ती सगळी जमीन दुसऱ्याची. शेवटी आईबापांनी रात्रीच्या अंधारात, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेतानं, परक्याच्या जमिनीत त्याला मूठमाती दिली. प्लायकीनं हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं.

19 जून 1913 रोजी ‘नेटिव्हज लँड अ‍ॅक्ट’ लागू झाला, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश असलेल्या कृष्णवर्णीयांसाठी या कायद्यानं देशातली जेमतेम 7 टक्के जमीन राखून ठेवली. तिच्याबाहेर त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही, खंडानंही करायची नाही. 1936 च्या कायद्यानं हा वाटा कागदोपत्री 13 टक्क्यांच्या आसपास नेला.

या टक्केवारीमुळे कायद्यातली दुसरी गोष्ट झाकली जाते, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. फ्री स्टेटमध्ये अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं गोऱ्यांच्या शेतात अर्धेलीनं पिकं काढत. बैल त्यांचे, नांगर त्यांचा, मेहनत त्यांची. निम्मं धान्य मालकाला. यातली काही कुटुंबं चांगली सधन होती. नव्या कायद्यानं ही अर्धेली मोडली. शेतावर राहायचं तर मजूर म्हणून राहा, नाहीतर चालते व्हा. गुरं मालकाच्या कामाला लावा, नाहीतर विकून टाका. एका फटक्यात वाटेकऱ्याचा गडी झाला.

ही कल्पना नवी नव्हती. केप कॉलनी या ब्रिटिश वसाहतीत तिथला पंतप्रधान आणि खाणमालक सेसिल ऱ्होड्सनं 1894 मध्येच ग्लेन ग्रे कायदा आणला होता. प्रत्येक कुटुंबाला एकच छोटा तुकडा, तो फक्त थोरल्या मुलाकडे जाणार, आणि जो बाहेर मजुरीला जाणार नाही त्यानं वर्षाला 10 शिलिंग कर भरायचा. खाणींना माणसं हवी होती, आणि ज्याचं शेतात भागतं तो खाणीत कशाला उतरेल?

आता राखीव टापूंतल्या मातीचं काय झालं ते बघू. मर्यादित कुरणावर गुरं वाढली की गवताला पुन्हा फुटायला उसंत मिळत नाही. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटतात, वरचा थर घट्ट बसतो, पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. आधी बोटभर रेघ, मग चर, मग माणूस उभा मावेल अशी घळ. तिकडे या घळींना ‘डोंगा’ म्हणतात. सरकारी तज्ज्ञांनी घळी पाहिल्या आणि निदान केलं की या लोकांना शेती येत नाही. मग ‘बेटरमेंट’ योजना आली. वस्ती एकीकडे, शेतं दुसरीकडे, कुरण तिसरीकडे, आणि जास्तीची गुरं कमी करायची. लोक चिडले. 1960 मध्ये पोंडोलँड या पूर्वेकडच्या राखीव टापूत उठाव झाला, आणि त्याच्या कारणांत या योजनेबद्दलचा रागही होता. माणसांची दाटी कायद्यानं केलेली होती, हे मात्र त्या निदानात कुठंच नव्हतं.

खरं तर सरकारच्याच टॉमलिन्सन आयोगानं 1950 च्या दशकात सांगितलं होतं की राखीव टापूंत शेती सुधारायची तर शेतकऱ्याला वैयक्तिक मालकी द्या. ती शिफारस सरकारनं फेटाळली. परिणाम असा की देशात दोन जातींचे कागद तयार झाले. गोऱ्याकडे काटेकोर मोजणी झालेलं, नोंदवलेलं खरेदीखत. त्यावर बँक कर्ज देणार. कृष्णवर्णीयाकडे बहुधा ‘राहण्याचा परवाना’. तो गहाण पडत नाही, विकता येत नाही, आणि सरकारी साहेबाची किंवा जमातीच्या प्रमुखाची मर्जी फिरली की रद्द.

ज्यांच्याकडे खरेदीखत होतं, तेही सुटले नाहीत. ट्रान्सवाल प्रांतातल्या मोगोपा गावाच्या लोकांनी 1911 मध्ये पैसे जमवून शेतजमीन विकत घेतली होती. सरकारी नकाशावर ते गाव ‘काळा डाग’ होतं, म्हणजे गोऱ्यांच्या टापूतली कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन. आधी शाळा पाडली, पाण्याचे पंप नेले, आणि 14 फेब्रुवारी 1984 च्या पहाटे पोलिसांनी वेढा घालून माणसांना ट्रकमध्ये बसवलं. 1960 ते 1983 या काळात अशी सुमारे 35 लाख माणसं हलवली गेल्याचा अंदाज आहे.

भारतीयांच्या जमिनीवरही 1946 मध्ये असेच निर्बंध आले. डरबनमध्ये सत्याग्रह झाला, भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि विजयालक्ष्मी पंडितांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला. याच विजयालक्ष्मीबाई पुढे आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

1994 मध्ये वर्णभेदी राजवट गेली आणि जमीन परत करण्याचा कायदा आला. त्यात अट अशी की 19 जून 1913 नंतर हिसकावलेल्या जमिनीवरच दावा करायचा. त्याआधीच्या दोन-अडीच शतकांत तलवारीच्या आणि बंदुकीच्या जोरावर गेलेली जमीन हिशेबात नाही. शहरांतल्या बहुतेक दावेदारांनी जमिनीऐवजी रोख मोबदला घेतला. दुसरीकडे, पाच वर्षांत 30 टक्के शेतजमिनीचं फेरवाटप करायचं ठरलं होतं. मुदत लांबत गेली, आकडा गाठलाच नाही. 2017 च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी 72 टक्के गोऱ्यांकडे होती आणि कृष्णवर्णीय आफ्रिकींकडे 4 टक्के.

चर्चा होते ती या आकड्यांची. माझं लक्ष मात्र कागदाकडे जातं. 2006 पासून सरकार शेतं विकत घेऊन शेतकऱ्यांच्या नावावर न करता भाडेपट्ट्यानं देऊ लागलं. लिंपोपो प्रांतात एका वयस्क कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं सरकारी जमीन जवळपास तीस वर्षं कसली. ती विकत द्यायचं सरकारनं कबूल केलं आणि मग फक्त भाडेपट्टा पुढे केला. 2019 मध्ये त्याला हायकोर्टात जाऊन आपला हक्क मिळवावा लागला.

क्वाझुलू-नाताल प्रांतात तर सुमारे 28 लाख हेक्टर जमीन झुलू राजाच्या अखत्यारीतल्या इंगोन्यामा ट्रस्टकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्यांकडे जुने परवाने होते. ट्रस्टनं त्यांना ते सोडून भाडेकरार करायला लावले. म्हणजे स्वतःच्याच अंगणाचं वर्षाला भाडं. लोक कोर्टात गेले. 2021 मध्ये पीटरमारित्झबर्गच्या हायकोर्टानं हे करार बेकायदा ठरवले आणि वसूल केलेलं भाडं परत करायला सांगितलं.