जिप्सम पार्टिशनमधील गिट्टी : वापर आणि पुनर्वापर

जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीवर किंवा फॉल्स सीलिंगला काही टांगायचे असेल, तर स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात बसवतात तो प्लास्टिकचा, नायलॉनचा किंवा धातूचा तुकडा. मराठी बोलणारे सुतार आणि इलेक्ट्रिशियन त्याला गिट्टी म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात रावळ प्लग मागितला तरी बहुधा हीच वस्तू पुढ्यात येते. मात्र भरीव भिंतीची गिट्टी वेगळी आणि पोकळ भिंतीची वेगळी. गिऱ्हाईक भिंत कसली आहे ते सांगत नाही, दुकानदार विचारत नाही, आणि पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

गोव्यातील जुने घर चिऱ्याचे. जांभ्या दगडाच्या त्या जाड भिंतीत बांधकामाच्या वेळीच खुंट्या बसवलेल्या असत. पुढे काही टांगायचे झाले की मेस्त (मिस्त्री) छिन्नीने खाच पाडून लाकडाची गिट्टी ठोकत असे आणि तिच्यात स्क्रू पिळत असे. चिरा मऊ आणि सच्छिद्र असल्याने त्यात ड्रिल भरकटते, भोक मोठे होते, पण पाठीमागे वीतभर दगड असल्यामुळे लांब गिट्टी आणि थोडे सिमेंट वापरून काम निभावते. जिप्सम बोर्ड आले ते कार्यालये, दुकाने, दवाखाने आणि हॉटेलच्या खोल्यांमधून. पणजीच्या पाटो भागातील कार्यालये किंवा पर्वरीतील नवे फ्लॅट पाहिले तर पार्टिशन किंवा निदान छत तरी जिप्समचे आढळते. चिऱ्याच्या भिंतीची सवय असलेला हात तेच ड्रिल आणि तीच गिट्टी घेऊन या भिंतीपुढे उभा राहतो.

बोर्डाची घडण : जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो. ते सुमारे १५०° से.पर्यंत तापवले की बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. त्यात पुन्हा पाणी कालवून तो लगदा कागदाच्या दोन थरांमध्ये पसरला की काही मिनिटांत घट्ट होतो, आणि बोर्ड तयार होते. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये घेतलेले पेटंट हा या बोर्डाचा आरंभ मानतात. भारतात भिंतीसाठी सर्वसाधारणपणे १२.५ मिमी. जाडीचे बोर्ड वापरतात. साध्या बोर्डासाठी आयएस २०९५ हे भारतीय मानक आहे. बोर्डे जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याच्या उभ्या चॅनलवर स्क्रूने बसवतात. दोन चॅनलमधील अंतर बहुधा ६१० मिमी. असते आणि मधली जागा पोकळ राहते किंवा तिथे आवाज अडवणारी लोकर भरतात.

या रचनेत ताण सोसतो तो मुख्यतः कागद. आतले जिप्सम दाबाला बऱ्यापैकी टिकते, पण ओढले किंवा आतून फाकवले की त्याचा भुगा होतो. गिट्टी कितीही भारी घेतली तरी शेवटी वजन पेलायचे असते ते या १२.५ मिमी.च्या थराने. गिट्टी पुन्हा वापरता येईल का, या प्रश्नाचे उत्तरही म्हणूनच गिट्टीकडे पाहून मिळत नाही. भोकाकडे पाहावे लागते.

गिट्टीचा इतिहास : लाकडी गिट्टीला पर्याय शोधला तो इंग्लंडमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना फारशी इजा न करता विजेची उपकरणे बसवण्याच्या कामातून त्यांना तागाच्या धाग्यांची गिट्टी सुचली. १९११ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले, आणि रावळ प्लग हे नाव त्यांच्याच आडनावावरून आले. जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनची गिट्टी आणली. स्क्रू आत जाताना ती फुगते, बाजूचे दाते भिंतीत रुततात आणि कडेच्या पाकळ्या तिला भोकात फिरू देत नाहीत. फिशर यांच्या नावावर हजाराहून अधिक पेटंटे आहेत, पण घरोघरी पोचली ती ही करड्या रंगाची छोटी वस्तू. या दोन्ही गिट्ट्या फुगून भोकाच्या कडांवर दाब देतात आणि त्या घर्षणावर टिकतात. काँक्रीट, वीट किंवा चिऱ्यात गिट्टीच्या पूर्ण लांबीला हा दाब मिळतो. जिप्सम बोर्डात तो फक्त १२.५ मिमी.पुरता मिळतो, उरलेली गिट्टी पोकळीत लोंबकळत राहते. आणि तेवढ्या जागेतला दाबही जिप्सम फोडण्याच्याच कामी येतो.

पोकळ भिंतीच्या गिट्ट्या : सर्वांत सोपी ती मोठ्या आट्यांची, प्लास्टिकची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची गिट्टी. ती स्क्रूड्रायव्हरने थेट बोर्डात पिळतात. फोटोची चौकट, घड्याळ, कॅलेंडर, हलका दिवा एवढ्यापुरती ती ठीक. दुसरी नायलॉनची, स्क्रू आवळला की बोर्डाच्या मागे तिची गाठ होते. तिच्यासाठी स्क्रू पुरेसा लांब लागतो. आखूड स्क्रूने गाठ बसतच नाही आणि वरून मात्र सारे घट्ट वाटते.

तिसरी धातूची : उभ्या फटी पाडलेली नळी, जी बोल्ट आवळताना पाठीमागे छत्रीसारखी उघडून बोर्डाला मागून धरते. ती घेताना बोर्डाची जाडी पाहावी लागते. दुहेरी बोर्डाच्या भिंतीत जाडी २५ मिमी. होते आणि एकेरी बोर्डासाठीची नळी आतल्या आत अर्धवट उमलते. चौथ्या प्रकारात स्प्रिंगचे दोन पंख असतात. ते मिटून भोकातून आत सारले की मागे फाकतात. पंख जाण्यासाठी भोक बोल्टाच्या मानाने बरेच मोठे पाडावे लागते, म्हणून वरून वॉशर किंवा दिव्याची तबकडी असल्याशिवाय ते दिसायला वाईट. अलीकडे प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी ओढून धरलेली धातूची आडवी पट्टी असलेली गिट्टीही मिळते. पट्ट्यांवरून कडे पुढे सरकवून ती बोर्डाला आवळतात आणि उरलेल्या पट्ट्या मोडून टाकतात. महाग आहे, पण पुन्हापुन्हा काढघाल होणार असेल तर पैसे तिथेच घालावेत.

पाकिटावर किलोग्रॅमचा आकडा लिहिलेला असतो. तो कोणत्या जाडीच्या बोर्डासाठी आणि कोणत्या दिशेच्या भारासाठी आहे हे बारीक अक्षरांत असते, आणि खरे मर्म त्यातच आहे. भिंतीला टेकून खाली लोंबणारी चौकट गिट्टीला मुख्यतः खाली ओढते. फळी मात्र तिला भिंतीतून उपटू पाहते. समजा फळीवर १० किग्रॅ. वजन आहे आणि ते भिंतीपासून सरासरी १५ सेंमी. पुढे आहे. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून फक्त ५ सेंमी. वर असेल, तर त्या स्क्रूवर बाहेर खेचणारा जोर ३० किग्रॅ.चा होतो. तोच स्क्रू २० सेंमी. वर असेल तर साडेसात. उंच ब्रॅकेट घेण्याने जे साधते ते महागड्या गिट्टीने साधत नाही. त्याहून बरे म्हणजे चॅनल शोधणे : लहानसे लोहचुंबक भिंतीवर फिरवले की बोर्डाच्या स्क्रूंची डोकी सापडतात आणि त्यांच्या सरळ रेषेत चॅनल असते. टीव्ही किंवा स्वयंपाकघरातील कपाट येणार हे आधीच माहीत असेल, तर पार्टिशन उभे करतानाच मागे प्लायवुड घालून घ्यावे. नंतर हे करायचे म्हणजे भिंत उघडणे आले.

पुनर्वापर : इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गिट्टी जागेवर ठेवून स्क्रू काढणे-घालणे ही एक, आणि गिट्टीच काढून दुसरीकडे किंवा त्याच भोकात परत बसवणे ही दुसरी.

पहिली बहुतेक प्रकारांत जमते. रंगकाम निघाले, चौकट उतरवली, पुन्हा लावायची. तेव्हा तोच स्क्रू वापरावा, त्याच मापाचा नवा चालतो, जाड चालत नाही. प्लास्टिकमध्ये पहिल्या स्क्रूने आटे पाडलेले असतात. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात टपकन उतरल्याचे हाताला कळते, मग सरळ पिळावा. हे काम हातानेच करायचे. बॅटरीवरचा ड्रायव्हर नवे आटे पाडून मोकळा होतो आणि गिट्टी भोकातच फिरू लागते. एकदा ती स्क्रूबरोबर फिरली की तिची पकड गेली असे समजावे, आणखी आवळण्याने भोकच रुंदावते. भरीव भिंतीत सैल गिट्टीत काडेपेटीच्या काड्या खुपसून वेळ मारून नेण्याची रीत आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि तिथे ती पुष्कळदा टिकतेही, कारण काड्यांचा दाब दगडावर पडतो. जिप्सममध्ये त्याच काड्या कडा फोडतात. इपॉक्सीची पुट्टी भरली तरी ती भोकातल्या भुग्याला चिकटते आणि पुढे त्या भुग्यासकट बाहेर येते.

धातूच्या उमलत्या नळीत बोल्टाचे आटे धातूतच असल्याने तो कितीही वेळा काढता-घालता येतो, नळी मात्र कायमची तिथली. स्प्रिंगच्या पंखांचे उलटे आहे. बोल्ट पूर्ण काढला की पंख पोकळीत पडतात आणि पार्टिशनच्या तळाशी जमा होतात. भोक मात्र शाबूत असते, त्यामुळे नवे पंख त्याच भोकातून घालता येतात. इथे पुन्हा वापरले जाते ते भोक आणि बोल्ट. पट्ट्यांची गिट्टी बोल्ट काढल्यावरही जागा सोडत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या पुनर्वापराला फारसा वाव नाही. आट्यांची गिट्टी उलटी पिळून अखंड बाहेर येते, तिचे आटे झिजले नसतील तर नव्या जागी ती खुशाल वापरावी. त्याच भोकात मात्र ती परत बसवू नये. तिने तिथले जिप्सम कातून नेलेले असते. गाठ झालेली नायलॉनची गिट्टी बाहेर ओढली तर मागचा कागद फाडत येते. तिची कॉलर धारदार सुरीने कापून उरलेली आत ढकलून द्यावी. धातूची नळीही तशीच आत लोटता येते, पण मागे उरणारे भोक मोठे असते. नवे भोक जुन्यापासून दोनतीन इंच लांब घ्यावे. भाड्याच्या जागेत दर भाडेकरू आधीच्याच्या भोकाशेजारी भोक पाडतो आणि काही वर्षांत टीव्हीच्या मागची भिंत चाळणी होते. अशा ठिकाणी गिट्टीचा विचार सोडून चॅनल ते चॅनल आडवी लाकडी पट्टी मारावी आणि हवे ते तिच्यावर टांगावे.

गोव्याची हवा : वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वर समुद्राची खारी हवा. जिप्सम पाण्यात किंचित विरघळते, लिटरमध्ये दोन-अडीच ग्रॅम. पण त्याआधीच भिजलेला कागद सुटतो आणि त्यावर बुरशी धरते. न्हाणीघराशेजारी वापरतात ते हिरव्या कागदाचे बोर्ड दमटपणाला टिकते, गळतीला नाही. ओल्या जिप्समच्या सान्निध्यात साधे लोखंड लवकर गंजते. स्क्रूभोवती रंगावर तपकिरी डाग उमटला की आत काय चालले आहे ते समजते. गंजलेला स्क्रू गिट्टीत अडकून बसतो, काढताना तिला घेऊनच निघतो, आणि जी काढघाल सहज व्हायची ती होत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेणे हा किरकोळ खर्च आहे. गंजके स्क्रू डब्यात जपून ठेवण्याची सवय मोडलेली बरी.

चवथ आणि फॉल्स सीलिंग : गोव्यात या विषयाचा सर्वांत अवघड प्रश्न चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला उभा राहतो. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तवशी, चिबूड, निरफणस अशी फळे-भाज्या आणि रानातली फळे लाकडी चौकटीला टांगतात. जुन्या घरात ही चौकट वाशांना किंवा खास ठेवलेल्या कड्यांना बांधलेली असते. न सोललेला एकच नारळ किलोभर भरतो, त्यामुळे बेताची माटोळीही पाहता पाहता वजनदार होते, आणि ते वजन काही दिवस सतत लोंबत राहते. जिप्समचे छत स्वतःचे वजन आणि हलके दिवे सांभाळण्यासाठी केलेले असते. स्प्रिंगचे पंख कितीही मजबूत असले तरी इथे ते वापरू नयेत. गिट्टी शाबूत राहून बोर्डच खाली येऊ शकते. छत बसवण्यापूर्वीच वरच्या स्लॅबमध्ये धातूचे अँकर घालून त्यांच्या सळ्या बोर्डातून खाली काढून ठेवणे हा खरा उपाय. एरवी त्यांवर झाकण्या लावता येतात. पंख्याचा हूकही असाच स्लॅबमधून यावा. छत आधीच झालेले असेल, तर चार पायांचा लाकडी किंवा पाइपचा मांडव जमिनीवर उभा करून माटोळी त्याला बांधावी.

भोक बुजवणे : फाटून वर आलेला कागद सुरीने कापून कडा किंचित आत दाबाव्यात आणि सुटा भुगा झटकावा. लहान भोक जिप्समच्या जॉइंटिंग कंपाउंडने भरते. इंचभर किंवा त्याहून मोठ्या भोकावर जाळीची चिकटपट्टी लावून वरून दोन हात द्यावे लागतात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. मे महिन्यात तो दुसऱ्या दिवशी वाळलेला असतो, पावसाळ्यात बोट लावून पाहावे लागते. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून प्राइमर द्यावा. प्राइमर न देता थेट रंग लावला तर बुजवलेला ठिपका वेगळा दिसतो. बुजवलेल्या जागी पुन्हा गिट्टी बसवू नये.