स्टिरिओ स्विच बॉक्स

रेकॉर्ड प्लेअर, ट्यूनर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर, दूरचित्रवाणी संच, संगणक अशा अनेक ध्वनिस्रोतांपैकी एका वेळी एकच स्रोत अँप्लिफायरच्या एका इनपुटला जोडणारी पेटी. आत एक स्विच, काही सॉकेटे आणि थोड्या तारा एवढाच ऐवज असतो; साध्या पेटीला वीजपुरवठा लागत नाही. अँप्लिफायरच्या दर्शनी भागावर स्रोत निवडण्याची जी कळ असते, तीच येथे वेगळ्या खोक्यात बसवलेली असते. विद्युतीय दृष्टीने पाहता निवडलेला स्रोत पुढे पोहोचवणे हे या पेटीचे सोपे काम होय. न निवडलेल्या स्रोतांना पूर्ण बाजूला ठेवणे अवघड असते आणि पेट्यांमधील बरा-वाईट फरक तेथेच दिसतो.

पूर्वपीठिका : ही पेटी कोणा एकाचा शोध नव्हे. रेडिओग्राहीत तरंगपट्टे बदलण्यासाठी वापरला जाणारा फिरता स्विच, जाळीदार आवरणाची तार आणि पिन-सॉकेट हे आधीच रूढ असलेले भाग तिच्यात एकत्र आले. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी कपाटात बसवलेले असत तोवर अशा पेटीची गरज नव्हती. स्टिरिओ रेकॉर्डी १९५८ पासून मोठ्या प्रमाणावर विक्रीस आल्या, अमेरिकेत एफएम स्टिरिओ प्रक्षेपणाला १९६१ मध्ये मान्यता मिळाली, फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर घरात एक उपकरण वाढले. अँप्लिफायरमागची सॉकेटे मात्र होती तेवढीच राहिली.

पेटीच्या या भागांपैकी पिन-सॉकेटाच्या, म्हणजे आज आरसीए किंवा फोनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडणीच्या, उगमकाळाबद्दल एकवाक्यता नाही. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने ती प्रचारात आणली याबद्दल दुमत नाही. काही ठिकाणी तिचा काळ १९४० च्या दशकाचा प्रारंभ असा दिला जातो, तर काही ठिकाणी १९३० चे दशक. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण या कंपनीच्या रेडिओ-ग्रामोफोन कपाटांत ही जोडणी सुमारे १९३७ पर्यंत आतल्या भागांसाठी वापरात आलेली होती. ग्राहकाच्या हाताशी, संचाच्या मागील बाजूस, ती सर्रास दिसू लागली ती त्यानंतर. म्हणजे हे दोन काळ परस्परविरोधी असण्यापेक्षा एकाच जोडणीच्या दोन अवस्थांचे असावेत. तिच्यातील एका जुन्या दोषाचाही उलगडा यावरून होतो. प्लग आत घालताना मधली पिन आधी टेकते आणि बाहेरचे कडे, म्हणजे भूजोडणी, नंतर. अँप्लिफायर चालू असेल तर तेवढ्या क्षणात स्पीकरमधून मोठी घरघर निघते. दुरुस्तीच्या वेळीच काढायच्या जोडणीत हे चालून गेले असावे. रोज प्लग बदलणाऱ्या श्रोत्याला ते चालण्यासारखे नव्हते. स्विच बॉक्सचा पहिला उपयोग हा की प्लग कायमचे जागेवर राहतात.

युरोपात दीर्घकाळ पाच पिनांची जर्मन डीआयएन जोडणी प्रचलित होती. तिच्या एकाच प्लगमधून दोन्ही वाहिन्यांचे येणे-जाणे होई. त्यामुळे तिच्यासाठीच्या पेट्यांत कमी सॉकेटे, पण अधिक पोलांचा, म्हणजे एकाच वेळी अधिक तारा बदलणारा, स्विच लागे.

रचना व कार्य : डाव्या आणि उजव्या वाहिनीसाठी स्विचला किमान दोन पोल लागतात, स्रोत चार असतील तर दोन पोल, चार स्थाने. संकेताची पिन स्विचमधून जाते आणि भूजोडणी सर्व सॉकेटांची मिळून एक असते. लाल सॉकेट उजव्या वाहिनीचे, पांढरे किंवा काळे डाव्याचे. पिवळे असल्यास ते चित्रसंकेताचे.

स्विच ‘आधी तोडून मग जोडणारा’ असावा लागतो. उलट प्रकारात, फिरवताना क्षणभर का होईना, दोन स्रोतांची आउटपुटे एकमेकांना भिडतात. सीडी प्लेअरच्या आउटपुटाचा संरोध (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) शंभर ते हजार ओहमच्या आसपास, तर अँप्लिफायरच्या इनपुटाचा दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे भिडलेली दोन आउटपुटे अँप्लिफायरऐवजी परस्परांनाच विद्युतप्रवाह पुरवू लागतात. आवाज उतरतो आणि विरूपणही (ध्वनीचा आकार बिघडणे) येऊ शकते. स्विच बॉक्सऐवजी वाय आकाराची दुतोंडी तार वापरणे याच कारणाने चुकीचे ठरते. एका स्रोताला दोन अँप्लिफायर जोडण्यास ती चालते, दोन स्रोत एकत्र आणण्यास नव्हे. दाबबटणांच्या स्वस्त पेट्यांत दोन बटणे एकदम दाबली तर दोन्ही आत अडकतात आणि हाच प्रकार घडतो. फिरत्या स्विचमध्ये तशी सोयच नसते.

गळती : न निवडलेल्या स्रोताचा आवाज मागे बारीक ऐकू येण्यामागे मुख्यतः शेजारच्या संपर्कांमधील धारिता, म्हणजे न टेकताही बदलता संकेत पलीकडे जाऊ देणारा गुण, असते. ती १० पिकोफॅरड धरली, तर १० किलोहर्ट्झला तिचा संरोध सुमारे १६ लाख ओहम भरतो. ऐकत असलेल्या स्रोताचा आउटपुट संरोध १,००० ओहम असेल तर गळती सुमारे उणे ६४ डेसिबेल येते. १ किलोहर्ट्झला ती उणे ८४ होते. म्हणून गळालेला आवाज कायम पातळ आणि चिरका वाटतो. त्यात झांजा ऐकू येतात, तबला येत नाही. निवडलेला स्रोतच बंद असेल तर त्याच्या आउटपुटाचा संरोध कधीकधी खूप वाढतो आणि गळतीही वाढते. काही पेट्यांत न निवडलेली इनपुटे भूजोडणीला टेकवतात. याने गळती निश्चित कमी होते, पण स्रोताच्या आउटपुटावर कायमचा शॉर्ट राहतो. मध्ये काहीशे ओहमचा रोधक असल्याशिवाय ही रीत स्वीकारू नये. एक स्थान रिकामे सोडून स्रोत जोडणे हा बिनखर्ची उपाय अनेकदा पुरतो.

भूजोडणी : सर्व स्रोतांची भूजोडणी पेटीत एकत्र येत असल्यामुळे, न निवडलेले उपकरणही ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण आणू शकते. केबलला जोडलेला दूरचित्रवाणी संच आणि तीन पिनांचा संगणक हे नेहमीचे संशयित. यावर दोन विचार आढळतात. एका मताने चार पोलांचा स्विच घेऊन भूजोडणीही तोडावी, म्हणजे नको असलेल्या उपकरणाचा संबंधच राहत नाही. दुसऱ्या मताने ती अखंड ठेवावी, कारण ती तुटण्याच्या क्षणी वर सांगितलेली घरघर पुन्हा उद्भवते. व्यवहारात दुसरीच रीत रुळली आहे. ज्या एका स्रोतामुळे गुणगुण येते त्याच्या मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर (तारेने थेट न जोडता संकेत पुढे देणारा) घालणे अधिक सरळ. उपकरणाची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. त्यात जिवाला धोका आहे.

संकेताची पातळी : पेटी लाइन पातळीच्या, म्हणजे उपकरणाउपकरणांत जाणाऱ्या नेहमीच्या ताकदीच्या, संकेतांसाठी असते. घरगुती उपकरणांची नामनिर्दिष्ट पातळी सुमारे ०·३ व्होल्ट, सीडी प्लेअरची कमाल पातळी सुमारे २ व्होल्ट. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईच्या हालचालीतून संकेत निर्माण करणारा भाग) मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे सीडीच्या कमाल पातळीहून सुमारे ५२ डेसिबेल खाली. लाइन पातळीवर न जाणवणारी गळती व गुणगुण येथे उघड ऐकू येते. शिवाय पेटी व तारांची धारिता कार्ट्रिजच्या भारात मिळवली जाऊन उच्च स्वरांचा समतोल बदलतो. म्हणून रेकॉर्ड प्लेअर आधी फोनो प्रीअँप्लिफायरला (हा क्षीण संकेत लाइन पातळीपर्यंत वाढवणाऱ्या उपकरणाला) जोडून मगच पेटीत आणावा. लाइन स्रोतांना ही धारिता बाधत नाही: १,००० ओहमच्या स्रोतावर तीन मीटर तारेच्या सुमारे ३०० पिकोफॅरडचा परिणाम ५०० किलोहर्ट्झच्या पलीकडे जाणवू लागतो. महागड्या तारांविषयीचे बरेचसे दावे या एका आकड्यापुढे टिकत नाहीत.

अँप्लिफायरला मोकळे इनपुट उरले नसेल तर टेप मॉनिटरच्या, म्हणजे टेप रेकॉर्डर जोडण्याच्या, सॉकेटांवरही पेटी बसवता येते.

साधी पेटी उलटीही चालते, म्हणजे एक स्रोत आणि निवडण्यासाठी अनेक अँप्लिफायर. स्पीकरांसाठी मात्र ती वापरू नये. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देताना २·५ अँपिअर प्रवाह वाहतो. लाइन संकेतासाठीचे संपर्क त्याने जळतात. स्पीकर निवडणाऱ्या पेट्या वेगळ्या येतात. त्यांतही ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की अँप्लिफायरपुढे ४ ओहमच उरतात. अनेक डी-वर्गीय (क्लास डी) अँप्लिफायरांत स्पीकरचे ऋण टोक भूजोडणीला जोडलेले नसते. दोन्ही बाजूंची ऋण टोके एकत्र करणारी पेटी असे अँप्लिफायर निकामी करू शकते. जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरला स्विच बदलताना क्षणभरही स्पीकरविना ठेवणे हितावह नसते.

संपर्क : चांदीवर हवेतील गंधकामुळे काळा थर चढतो आणि एक वाहिनी खरखरू लागते किंवा गप्प होते. स्विच दहा-पंधरा वेळा फिरवल्यास घर्षणाने थर निघतो. सोन्याच्या मुलाम्याला हा त्रास नाही, मात्र मुलामा झिजतो.

रिमोटवर चालणाऱ्या पेट्यांत रिले (विजेने हलणारे यांत्रिक स्विच) किंवा ४०६६ या चिपसारखे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. अशा स्विचचा चालू रोध संकेताच्या व्होल्टतेनुसार थोडा बदलतो. पुढचा भार कमी ओहमचा असल्यास त्यातून विरूपण उत्पन्न होते. रिलेत हा प्रश्न नसतो. डिजिटल संकेतांसाठी, उदाहरणार्थ तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या प्रकाशीय टॉसलिंकसाठी, केवळ यांत्रिक निवड करणाऱ्या पेट्याही मिळतात. गळतीचा व गुणगुणीचा प्रश्न तेथे उरत नाही, पण स्रोत बदलल्यावर संकेत घेणारे मंडल नव्या संकेताच्या घड्याळाशी (ठोक्यांशी) जुळेपर्यंत आवाज क्षणभर थांबतो.