पानाची कडा आणि प्राचीन हवामान : पार्श्वभूमी

ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या खडकांत रुंद पानांचे ठसे सापडले ते एकोणिसाव्या शतकात. तेव्हाची रीत सरळ होती: ठसा आजच्या ज्या झाडाच्या पानासारखा दिसेल त्याचं नाव द्यायचं, आणि त्या झाडाला लागणारी ऊब त्या काळाच्या खात्यात मांडायची. पुढे यातली कित्येक नावं चुकीची निघाली, आणि त्यांच्यावर बेतलेलं हवामानही डळमळलं.

1915 साली वेगळा मार्ग सुचवला गेला. नाव राहू दे, कडा बघा. दमट उष्ण प्रदेशांत बहुतेक वृक्षांची पानं सलग, म्हणजे दाते नसलेल्या, कडेची असतात. समशीतोष्ण जंगलांत दातेरी पानांचं प्रमाण वाढतं. त्याला आकड्यांचं रूप 1979च्या सुमारास आलं, पूर्व आशियातल्या जंगलांवरून. सलग कडेच्या जातींचं प्रमाण साधारण 3 टक्क्यांनी वाढलं, की वार्षिक सरासरी तापमान 1 अंश सेल्सिअसनं जास्त. मोजायच्या त्या जाती, पानं नव्हेत. त्याही फक्त द्विदल वृक्ष-झुडपांच्या.

भांडण आहे ते या सूत्राचं. पान टिकतं तळ्याच्या किंवा नदीच्या गाळात, आणि नेमकं पाण्याकाठीच दातेरी जातींचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे उत्तर मुळातच थंडीकडे झुकलेलं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांवरून काढलेली सूत्रं पूर्व आशियाच्या सूत्राशी जुळत नाहीत. शिवाय दाते असतात कशासाठी, यावरही एकमत नाही: कोणी म्हणतं वसंतात कोवळ्या पानाला लवकर अन्न बनवता यावं म्हणून, कोणी म्हणतं मुळांच्या दाबानं चढलेलं जादा पाणी बाहेर टाकता यावं म्हणून. अशा पायावर दशांशापर्यंतचं तापमान छापणं मला धाडसाचं वाटतं. 1993मध्ये कडेसोबत आकार, टोक, तळ अशी तीसेक लक्षणं एकत्र मोजणारी पद्धत आली. तरी एकट्या कडेवरून येणारं उत्तरही तितकंच चालतं, असं म्हणणारे आहेत.

पर्णरंध्रांचा, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांचा, धागा निराळा. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी संग्रहातल्या दोनशे वर्षांच्या वाळलेल्या पानांत रंध्रांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं 1987मध्ये दिसलं, आणि जीवाश्मांवरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधण्याची वाट उघडली.

वनस्पतींच्या प्रसारासाठी ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचा दाखला नेहमी दिला जातो; पण अलीकडचा, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या बिगहॉर्न खोऱ्याचा दाखला मला जास्त बोलका वाटतो. 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या अचानक तापमानवाढीत तिथले सूचिपर्णी वृक्ष नाहीसे झाले आणि दक्षिणेकडून शेंगावर्गीय झाडं येऊन पसरली. कडांवरून तापमानात सुमारे 5 अंशांची वाढ निघते. हवा पुन्हा निवली, तशी जुन्यांतली बरीच झाडं परतली.