वडगावची भिशी आणि बुडीत कर्जाचं गणित

बेळगावच्या वडगावात, मागाच्या खोलीत बायका भिशीची चिठ्ठी काढतात. ज्याची चिठ्ठी आधी निघते, तो खरं म्हणजे बाकीच्यांचा कर्जदारच. उचल मिळाल्यावर त्याने हप्ते थांबवले तर? म्हणून नवा सभासद घेताना आधी चौकशी होते: माग चालू आहे का, घरात आजारपण आहे का, मागच्या भिशीत वेळेवर भरले का.

ऑनलाइन पीअर-टू-पीअर कर्जात, म्हणजे बँकेऐवजी एका माणसाने दुसऱ्याला ॲप किंवा वेबसाइटवरून दिलेल्या कर्जात, देणारा-घेणारा एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये यासाठी नियम केले. एकाने एका कर्जदाराला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यायचे, मुदत ३६ महिन्यांपर्यंत. पैसे बुडाले तर तोटा देणाऱ्याचाच.

तिथली चौकशी संगणक करतो. जुन्या कर्जांच्या नोंदींवरून तो प्रत्येक गोष्टीचं वजन ठरवतो: उत्पन्नातला किती भाग हप्त्यांत जातो, आधी हप्ते चुकले का, सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) किती. या सगळ्यांतून कर्ज बुडण्याची शक्यता ० ते १ मध्ये निघते. या पद्धतीला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात, आणि नोंदींवरून शिकून अंदाज सांगणाऱ्या अशा हिशेबाला मॉडेल.

यात एक मोठी फसगत आहे. समजा, शंभर कर्जांपैकी दहा बुडतात. ‘कुणाचंच बुडणार नाही’ असं डोळे झाकून सांगणारं मॉडेलही ९० टक्के बरोबर ठरतं, आणि त्या दहांपैकी एकही त्याला सापडलेलं नसतं! म्हणून बुडणाऱ्यांपैकी किती आधी ओळखले, हे वेगळं तपासावंच लागतं. शिवाय ज्यांना कर्ज नाकारलं, त्यांनी ते फेडलं असतं का, याची नोंद कुठेच नसते. मॉडेल शिकतं ते फक्त कर्ज मिळालेल्यांकडून.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याची. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत कारखान्याने बिल, म्हणजे उसाचे पैसे, द्यावं, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. प्रत्यक्षात ते अनेकदा लांबतं. दर महिन्याला पगार होणाऱ्यांच्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला या शेतकऱ्याचं श्रावणातलं रिकामं खातं धोक्याचं वाटतं. शेतात मात्र ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. अशा माणसाचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट बघून काय कळणार? निदान दोन हंगामांचं बघा, आणि हप्ता बिलानंतर लावा.