मॅनेजरची निष्ठा आणि सरासरीची ओढ

मार्च २०२४च्या अखेरीस फुटबॉल मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, झाबी अलोन्सोने जाहीर केलं की तो बायर लेव्हरकुसेन हा जर्मन क्लब सोडणार नाही. लिव्हरपूल आणि बायर्न म्युनिक हे दोन्ही क्लब तेव्हा नव्या मॅनेजरच्या शोधात होते आणि दोन्हीकडे तो खेळाडू म्हणून गाजलेला होता. बायर्न तर त्याच्याच लीगमधला थेट प्रतिस्पर्धी. लेव्हरकुसेनने तो लीग हंगाम एकही सामना न हरता संपवला: ३४ सामन्यांत २८ विजय, ६ बरोबऱ्या, ९० गुण. पुढच्या हंगामात मॅनेजर तोच आणि संघाचा गाभाही तोच होता, पण गुण ६९ झाले आणि क्रमांक दुसरा आला. २०२५च्या उन्हाळ्यात तो रेआल माद्रिदला गेला.

अशा घसरणीनंतर चाहत्यांमध्ये दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे, तो देहाने थांबला पण मन केव्हाच निघून गेलं होतं. दुसरी म्हणजे, निष्ठेपायी त्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं. मॅनेजर क्लब सोडून गेला आणि तिकडे फसला, तर तिसरी गोष्ट तयारच असते: गद्दारी भोवली. या तिन्ही गोष्टी गुणतक्त्यावरून रचलेल्या असतात, आणि गुणतक्त्यात निष्ठेबद्दलची माहिती जवळपास नसतेच. त्यात जे दिसतं त्याचा मोठा भाग संख्याशास्त्रातल्या एका जुन्या, सुंदर नियमाने समजतो. त्याचं नाव रिग्रेशन टू द मीन, म्हणजे सरासरीकडे परतणं.

फ्रान्सिस गॅल्टन या इंग्लिश संशोधकाने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच निघाली, पण आईबापांइतकी नाहीत. आईबाप सरासरीपासून जितके दूर होते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर मुलं होती. गंमत अशी की हा हिशेब उलटाही लागू पडतो. सर्वांत उंच मुलं निवडून त्यांच्या आईबापांची उंची पाहिली, तर तीही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ असते. म्हणजे पुढच्या पिढीला खाली ओढणारी कुठली शक्ती इथे काम करत नाही. टोकाचं उदाहरण निवडून घेतलं की त्याच्याशी निगडित दुसरं मोजमाप मधल्या बाजूला सरकलेलं दिसतं, एवढंच. परिणाम आपल्या निवडीतून येतो.

आता हे फुटबॉलला लावू. एका बऱ्यापैकी संघाची प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ४५ टक्के, बरोबरीची २५ आणि हरण्याची ३० टक्के धरा. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. सामन्यामागे सरासरी निघते १.६ गुण, आणि ३८ सामन्यांच्या हंगामात सुमारे ६१. संघाची ताकद हंगामभर तसूभरही बदलत नाही असं मानू. तरी दर हंगामात नेमके ६१ गुण मिळतील का? मुळीच नाही. विजय सरासरीच्या १.४ वर आहे, बरोबरी ०.६ खाली आणि पराभव १.६ खाली. या अंतरांचे वर्ग करून शक्यतांच्या प्रमाणात बेरीज केली की १.७४ येतात. त्याचं वर्गमूळ १.३२. हे झालं एका सामन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो याचं माप. सामने स्वतंत्र धरले तर हंगामासाठी त्याला ३८च्या वर्गमुळाने, म्हणजे ६.१६ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ८ गुण.

या ८ गुणांवर थोडं थांबायला हवं. ताकदीत काडीचा फरक न पडता हा संघ तीनपैकी दोन हंगामांत ५३ ते ६९च्या दरम्यान कुठेही सापडेल आणि तिसऱ्या हंगामात त्याच्याही बाहेर जाईल. २०२३-२४च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, ६८ गुणांवर अ‍ॅस्टन व्हिला चौथा आला आणि युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेला, चॅम्पियन्स लीगला, पात्र ठरला, तर ५२ गुणांवर वेस्ट हॅम नववा राहिला. एका टोकाला मॅनेजरचा जयघोष, दुसऱ्या टोकाला त्याच्या हकालपट्टीच्या मागण्या, आणि मधलं सगळं अंतर नशिबाच्या हेलकाव्यात बसतं. नशीब म्हणजे इथे ग्रहताऱ्यांचं काही नाही. गोलखांबाला लागून आत किंवा बाहेर गेलेला चेंडू, बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेला फटका, तीन आठवडे बाहेर बसलेला गोलरक्षक, असंच सगळं.

आता खरा गाभा. लीगमध्ये २० मॅनेजर आहेत आणि सगळे अगदी सारख्याच कुवतीचे आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येकाला खेळाडू आणि पैसा यांच्या मानाने जितके गुण मिळायला हवेत, तितकेच सरासरीने मिळतात. फक्त ८ गुणांचा हेलकावा प्रत्येकाला स्वतंत्रपणे बसतो. हंगामाअखेरीस वीस जणांत सर्वांत वर असलेला माणूस अपेक्षेच्या किती पुढे असेल? वीस यादृच्छिक आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा सरासरीच्या सुमारे १.८७ प्रमाण विचलनं वर असतो. १.८७ गुणिले ८, म्हणजे १५ गुण. कुवतीत शून्य फरक असताना दर वर्षी कुणीतरी एक अपेक्षेपेक्षा १५ गुण जास्त मिळवणारच. (एका संघाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे हे हेलकावे पूर्ण स्वतंत्र नसतात. पण आकडा त्याने फारसा बदलत नाही.)

आणि प्रतिस्पर्धी क्लबचा फोन नेमका त्याच माणसाला जातो. बोलावणं येण्याचा क्षण हाच गॅल्टनच्या उंच आईबापांना निवडण्याचा क्षण असतो. पुढच्या हंगामात तो थांबला काय किंवा गेला काय, नव्याने फासे पडणार आणि ते १५ गुण बहुधा विरणार. थांबला तर जुन्या क्लबला वाटेल की त्याचं लक्ष उडालं. गेला तर नव्या क्लबला वाटेल की आपण फसलो.

प्रत्यक्षात मॅनेजरांच्या कुवतीत फरक असतोच. प्रश्न एवढाच की किती. त्यासाठीही सोपा हिशेब आहे. संघाने पगारावर केलेल्या खर्चावरून अपेक्षित गुण काढा, कारण दीर्घकाळात लीगमधलं स्थान बहुतांश त्या खर्चावरच ठरतं. मग प्रत्यक्ष गुण आणि अपेक्षित गुण यांतला फरक घ्या. समजा लीगभर या फरकांचं प्रमाण विचलन १० आलं. त्याचा वर्ग १००. त्यातले नशिबाचे ८ गुणिले ८, म्हणजे ६४. उरले ३६. म्हणजे दिसणाऱ्या फरकातला ३६ टक्केच भाग टिकाऊ आहे. अपेक्षेपेक्षा १५ गुण जास्त मिळवणाऱ्या मॅनेजरकडून पुढच्या वर्षी १५ गुणिले ०.३६, म्हणजे साडेपाचच्या आसपास जादा गुणांची आशा धरावी. दोन हंगामांची सरासरी घेतली तर नशिबाचा वाटा निम्मा होऊन ३२ उरतो आणि टिकाऊ भाग ५३ टक्क्यांवर जातो. तीन हंगाम घेतले तर ६३, पाच घेतले तर ७४. एका हंगामावर भाळून मॅनेजर उचलणारा क्लब दोन तृतीयांश किंमत हवेची मोजतो, असा याचा अर्थ. शिवाय हे उरलेले ३६ सगळे मॅनेजरचे नसतातच. त्यात खेळाडू हेरणाऱ्यांचा वाटा आहे, क्रीडा संचालकाचा आहे, दुखापती सांभाळणाऱ्या वैद्यकीय पथकाचाही आहे.

अलोन्सोच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. तो ऑक्टोबर २०२२मध्ये आला आणि त्या हंगामात लेव्हरकुसेनचे ५० गुण झाले. मग ९०. दोन्हींची सरासरी ७०, आणि तिसऱ्या हंगामात ६९. इतकं नेमकं जुळणं हा योगायोग आहे, पण घसरण्याची दिशा योगायोगाची नाही. इंग्लंडच्या लेस्टर सिटीचं उदाहरण तर पुस्तकी वाटावं असं: ४१ गुण, मग क्लॉडियो रानिएरीच्या हाताखाली ८१ गुण आणि विजेतेपद, मग ४४. त्या तिसऱ्या हंगामात, फेब्रुवारी २०१७मध्ये, रानिएरीला काढून टाकण्यात आलं. मधल्या फळीतला खेळाडू एन्गोलो कान्ते चेल्सीला गेल्याचा फटकाही बसला, तरी संघ आपल्या जुन्या पातळीच्या इतका जवळ परतला की मॅनेजर अचानक बिघडला असं मानायची गरज नाही.

उलट्या बाजूने परतणंही असतं. २०२०-२१मध्ये मॅनेजर ग्रॅहम पॉटरचा ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये ४१ गुणांवर १६वा आला, केवळ ४० गोल करून. पण त्यांनी निर्माण केलेल्या संधींचा दर्जा बराच वरचा होता. हा दर्जा मोजायला एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, वापरतात. प्रत्येक फटक्याला जागा, कोन, पाय की डोकं, समोर किती बचावपटू, यांवरून गोल होण्याची शक्यता दिली जाते. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९, तर पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला जेमतेम ०.०३. शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. ती ४८ असेल तर प्रत्यक्ष गोलांचा हेलकावा ४८च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे ७. ब्रायटनने पॉटरला ठेवलं आणि पुढच्या हंगामात ५१ गुण, नववा क्रमांक मिळाला. सप्टेंबर २०२२मध्ये, ६ सामन्यांत १३ गुणांवर चौथ्या स्थानी असताना, चेल्सीने त्याला नेलं. एप्रिलमध्ये तिथून त्याला काढलं तेव्हा चेल्सी ११वा होता. ब्रायटन मात्र ६२ गुणांवर सहावा आला. गेलेल्या मॅनेजरबरोबर यश जातं ही समजूत इथे टिकत नाही. टिकाऊ भागातला मोठा वाटा क्लबकडेच होता.

रुबेन अमोरिमचंही तसंच. नोव्हेंबर २०२४मध्ये तो पोर्तुगालचा स्पोर्टिंग क्लब सोडून मँचेस्टर युनायटेडला गेला तेव्हा स्पोर्टिंगने लीगचे ११ पैकी ११ सामने जिंकले होते. शंभर टक्क्यांवरून वर जायला जागाच नसते. पुढे स्पोर्टिंग काही सामने हरला, मधल्या काळातला प्रशिक्षकही बदलला, तरी विजेतेपद त्यांनीच घेतलं. युनायटेड १५वा आला.

इंग्लंडमध्ये ‘महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर’ या पुरस्काराला शाप आहे असं आजही गांभीर्याने बोललं जातं, कारण पुरस्कारानंतर संघ हरतात. चार-पाच सामन्यांच्या उत्तम कामगिरीसाठी पुरस्कार द्यायचा आणि पाचव्या-सहाव्या सामन्यात पराभव झाला की शाप म्हणायचं! चार सामन्यांत नशिबाचा वाटा ३८ सामन्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून परतणंही जोरात होतं. शाप मानणाऱ्यांनी पुरस्कार न मिळालेल्या, तळाच्या संघांचे पुढचे सामनेही मोजावेत. ते सुधारलेले दिसतील.

गद्दारीच्या शापाचंही तेच. जून २०११मध्ये अ‍ॅलेक्स मॅक्लीशने बर्मिंगहॅम सिटी सोडला आणि तो शेजारच्या हाडवैरी अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला. व्हिला ४८ गुणांवरून ३८वर आला आणि हंगाम संपताच मॅक्लीश बाहेर पडला. पण त्याच उन्हाळ्यात व्हिलाने अ‍ॅश्ली यंग आणि स्ट्युअर्ट डाउनिंग हे दोन्ही बगलेचे खेळाडू विकले होते. इथे सरासरीचा नियमही लागत नाही, कारण संघाची ताकदच बदलली होती. दुसरीकडे, आर्सेनलला दोनदा लीग जिंकून देणारा जॉर्ज ग्रॅहम १९९८मध्ये आर्सेनलच्या हाडवैरी टॉटनहॅमकडे गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीग कप जिंकला. शाप निवडून निवडून लागत नसतात.

मग निष्ठा पाहायची कुठे? कराराच्या कलमांत ती काही प्रमाणात दिसते. प्रीमियर लीगच्या नियमांनुसार करारबद्ध मॅनेजरशी त्याच्या क्लबच्या परवानगीविना बोलणी करता येत नाहीत. त्यामुळे अनेक करारांत भरपाईची रक्कम किंवा सुटकेचं कलम असतं. ठरलेली रक्कम भरली की वाट मोकळी. हे कलम कमी रकमेचं मागणारा मॅनेजर दार किलकिलं ठेवतो, ते काढून टाकून सही करणारा दार लावून घेतो. आणि वरचा हिशेब मान्य केला तर दार लावून घेणं फार महागात पडतं. ज्या हंगामात बोलावणं येतं, त्याच हंगामात त्याची बाजारातली किंमत खऱ्या कुवतीपेक्षा सर्वांत जास्त फुगलेली असते, आणि पुढच्या वर्षी ती उतरण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी थांबणारा माणूस काहीतरी खरोखर सोडतो. म्हणून पुढच्या वर्षीच्या घसरणीवरून त्याच्या मनाची परीक्षा घेणं मला अन्यायाचं वाटतं.

याच नियमाची दुसरी बाजू क्लबच्या निष्ठेची आहे. मॅनेजरला साधारणपणे सर्वांत वाईट हेलकाव्यात काढलं जातं, आणि नवा आल्यावर निकाल सुधारतात. नेदरलँड्समधल्या लीगचे आकडे घेऊन बास तेर वेल, आणि नंतर यान व्हान ऑर्स व मार्टिन व्हान टाउल यांनी हे तपासलं. तितक्याच वाईट अवस्थेत सापडलेले पण मॅनेजर न बदललेले संघ तुलनेला घेतले, तर तेही जवळपास तितकेच सुधारले. १९८९-९०मध्ये मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये १३वा आला होता. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला तिथे येऊन तीन वर्षं उलटून गेली होती. क्लबने त्याला ठेवलं, त्याच हंगामात एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, आणि पहिलं लीग विजेतेपद १९९३मध्ये.