रेषा ओलांडली तरी चूक घडते

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, चिकलठाणा विमानतळाच्या आसपास चहाच्या टपरीवर विमानांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "समोरून विमान येत नव्हतं ना, मग छोटं विमान परवानगीशिवाय जरा धावपट्टीवर गेलं तर काय बिघडलं?" हा समज चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार उड्डाण-उतरणीसाठी राखलेल्या क्षेत्रात विमान, वाहन किंवा माणूस चुकीने आला, की तो रनवे इन्कर्जन. समोर दुसरं विमान असायलाच हवं, असं नाही.

टॅक्सीवे, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ये-जा करतात तो रस्ता, धावपट्टीला भिडण्याआधी चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेषा ज्या बाजूला, त्या बाजूने येणाऱ्याने कंट्रोल टॉवरची परवानगी मिळेपर्यंत तिथंच थांबायचं. 'होल्ड शॉर्ट' (धावपट्टीच्या अलीकडे थांबा) ही सूचना ऐकून नुसतं 'रॉजर' (ऐकलं) म्हणणं चालत नाही, ती पायलटने परत म्हणून दाखवावी लागते.

आणि "छोट्या विमानाने असं काय मोठं होणार?" म्हणणाऱ्यांसाठी इटलीतल्या मिलानचं लिनाते विमानतळ. ८ ऑक्टोबर २००१, दाट धुकं. एक छोटं सेसना जेट चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं आणि थेट वापरातल्या धावपट्टीवर पोहोचलं. त्याच वेळी तिथून एमडी-८७ हे मोठं प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होतं. ११८ माणसं गेली. पायलट चुकले हे खरंच, पण तिथल्या खुणा आणि पाट्याही धड नव्हत्या, शिवाय जमिनीवरचं रडारही बंद होतं. त्यामुळे सगळं खापर "शिकाऊ पायलट असेल" म्हणून पायलटवरच फोडणं मला तरी पटत नाही.