शॉर्ट रिब्ज आणि बॅक रिब्ज: दोन्ही बरगड्याच, पण मांस कुठे आहे ते बघा

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात बीफच्या बरगड्या दोन नावांनी मिळतात. एका पाकिटावर शॉर्ट रिब्ज, दुसऱ्यावर बॅक रिब्ज. बॅक रिब्जचा भाव पौंडामागे बराच कमी असतो, त्यामुळे नवखा माणूस साहजिकच तेच पाकीट उचलतो. घरी कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा लावतो आणि तीन तासांनी पातेल्यात डाव फिरवला की वर येतात ती हाडं. रस्सा चवीला झकास झालेला असतो, पण ताटात वाढायचं काय? मग ‘बीफच्या बरगड्या म्हणजे नुसती हाडं’ असं मत होऊन बसतं आणि बिचाऱ्या शॉर्ट रिब्जही त्यात बदनाम होतात.

मटण घेणाऱ्याला हा फरक खरं तर अर्धा ठाऊक असतो. चाप आणि सीना दोन्हींत बरगडीच असते. चाप पाठीकडची, सीना छातीकडचा, चरबीचा, रस्सा दाट करणारा. बॅक रिब्ज चापेच्या जागेच्या, शॉर्ट रिब्ज खालच्या अंगाच्या, सीन्याकडे झुकणाऱ्या. इथवर हिशेब जुळतो. पण चापेला जो मांसाचा गोल डोळा असतो, तो बॅक रिब्जला नसतो. बीफमध्ये तोच डोळा म्हणजे रिबआय, आख्ख्या जनावरातल्या सर्वांत महाग भागांपैकी एक. कसाई तो कापून वेगळा विकतो, आणि सुरी हाडाला इतकी घासून चालवतो की मांसाचा कणही हाडाकडे राहू नये. त्यानंतर जो सांगाडा उरतो, त्या बॅक रिब्ज. मांस असतं ते दोन हाडांच्या मधल्या फटीत. हाडाच्या पाठीवर जवळपास काहीच नाही. शॉर्ट रिब्जमध्ये बरोबर उलटं: हाड खाली आणि त्यावर दोन-अडीच इंच जाडीचा मांसाचा थर.

म्हणून नाव वाचण्याआधी पाकीट हातात घेऊन कडेने बघावं. मांस हाडावर बसलंय की हाडांच्या मध्ये अडकलंय, एवढं कळलं की पुढचं सगळं ठरतं.

गुराला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. पहिल्या ५ खांद्याच्या भागात जातात, त्याला तिकडे चक म्हणतात. ६ ते १२ या मधल्या. त्यांचा कण्याकडचा तुकडा रिबआयसकट एका भागात जातो आणि खालचा लांब तुकडा पोटाकडच्या ‘प्लेट’ नावाच्या भागात. शॉर्ट रिब्ज चकमधूनही येतात आणि प्लेटमधूनही. ६, ७ आणि ८ क्रमांकाच्या बरगड्यांच्या प्लेट शॉर्ट रिब्ज सर्वांत दांडग्या, एकेक हाड हातभर. टेक्सासमध्ये लाकडाच्या धगीवर तासन् तास भाजून विकतात त्या याच. टेलर गावचं लुई म्युलर बार्बेक्यू त्यासाठी प्रसिद्ध आहे. मसाला म्हणाल तर मीठ आणि भरड मिरी, संपलं. घरच्या ओव्हनसाठी चकमधल्या बऱ्या, बोटभर-वीतभर तुकडे केलेल्या.

शॉर्ट रिब्जवरचं मांस इतकं चिवट का, याचं कारण जनावराच्या बांध्यात आहे. आपल्याला खांदा आणि छाती जोडणारं गळपट्टीचं हाड असतं, गुराला ते नसतं. धडाचा पुढचा सगळा भार दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत पेललेला असतो, आणि शॉर्ट रिब्जवरचा जाड थर बराचसा त्याच झोळीचा. जनावर उभं असो की चालत असो, या स्नायूला सुट्टी नाही. त्यामुळे त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट द्रव्य, भरपूर. शिवाय धाग्याधाग्यात चरबीही मुरलेली. कोलॅजन ७० अंश सेल्सियसच्या आसपास विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठाला चिकटतो तो त्यामुळे. पण हे काम घाईत होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबाने बीफचा सलग तुकडा आतून ६३ अंशांना पोचला आणि तीन मिनिटं तसाच ठेवला की खायला सुरक्षित. त्या तापमानाला शॉर्ट रिब चावून बघा, जबडा दुखेल. ती ९३ ते ९६ अंशांपर्यंत न्यावी लागते, तीही सावकाश.

बॅक रिब्जमधलं मांस श्वासाच्या स्नायूंचं. तेही राबणारं, म्हणून तेही चिवट, पण पातळ. जाड थराला आतली चरबी सांभाळून घेते, इथे सांभाळायला कोणी नाही. अर्धा तास जास्त झाला की कडा सुकून काथ्या होतात, आणि पाण्यात उकळत ठेवल्या तर होतं नव्हतं ते मांस सुटून तळाशी चोथा.

आता कृती. शॉर्ट रिब्जला आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघड्याच ठेवाव्या, किलोला १०-१२ ग्रॅम. मीठ आत मुरतं आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी खरपूस रंग चटकन येतो. जाड बुडाच्या भांड्यात थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी परतायच्या, गर्दी न करता, दोन-तीन घाण्यांत. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मग त्याच तेलात कांदा, आलं-लसूण, भाजलेल्या कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला. गरम पाणी बरगड्यांच्या निम्म्या उंचीएवढंच. झाकण लावून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास. गॅसवर करायचं तर आपली जुनी युक्ती इथे फार कामाची: झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घालायचं. वाफ ताटाला लागून परत खाली पडते, आणि रस्सा आटलाच तर भर घालायला ताटातलं कढत पाणी तयार असतं. प्रेशर कुकरमध्ये पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून ४०-४५ मिनिटं. चव उतरते म्हणणारे म्हणोत, कामाच्या दिवशी कुकरच बरा. हाडाच्या खालचा पापुद्रा मात्र काढू नका. मांस हाडाला धरून राहतं ते त्याच्यामुळे.

शिजलं का, हे घड्याळाला विचारू नये. सळई किंवा बारीक सुरी मांसात घाला. आत जाताना कुठेच अडली नाही तर झालं. हाड हलतंय पण मांस ओढ धरतंय, अशा अवस्थेत बरेच जण गॅस बंद करतात. खरं तर तिथून अजून अर्धा तास हवा असतो.

रस्सा झाला की शक्य असेल तर तो दुसऱ्या दिवशीच वाढा. शॉर्ट रिब्जची चरबी सुटते ती वाटीभर, आणि ती आपल्या तर्रीसारखी वागत नाही. तेलाची तर्री गार झाली तरी पातळ राहते, बीफची चरबी खोलीच्या तापमानालाच थिजते आणि जेवताना टाळूला मेण लावल्यागत बसते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की तिची पांढरी चकती वर येते, ती सरळ उचलायची. लाल तर्री हवी तर चमचाभर तेलात कांदा-लसूण मसाला फुलवून वरून ओता. काढलेली चरबी टाकू नका, तिच्यावर बटाटे भाजून बघा.

बॅक रिब्जचं थोडक्यात आटोपतं. इथे आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा काढायचा. चमच्याच्या दांडीने एक टोक उचकटायचं, कागदी रुमालाने चिमटीत धरायचं आणि ओढायचं, बहुतेकदा एका झटक्यात निघतो. मीठ, मिरी, लाल तिखट, धणे-जिरे पूड चोळून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, १३५ अंशांवर अडीच ते तीन तास. मग फॉइल उघडून चिंच-गुळाचा दाट कोळ लावा आणि २०० अंशांवर दहा मिनिटं भाजा. गूळ आधी लावू नये, करपतो. माणशी दोन-तीन हाडं धरा, दोन्ही हातांनी धरून दातांनी ओरबाडून खायची. पाहुण्यांना काट्या-चमच्याने जेवायचं असेल तर हा बेत करू नका.

पाकिटावरच्या आणखी एका गोष्टीने गोंधळ वाढतो. शॉर्ट रिब्ज हाडाच्या लांबीने कापल्या असतील तर जाड ठोकळे मिळतात. हाडांना आडव्या कापल्या तर पातळ पट्टी मिळते, तिच्या कडेला हाडाच्या तीन-चार गोल चकत्या. कोरियन दुकानात गाल्बीसाठी, म्हणजे मुरवून भाजलेल्या बरगड्यांसाठी, मिळते ती पट्टी ही, आणि अर्जेंटिनातली निखाऱ्यावरची ‘असादो दे तिरा’ही आडव्या कापाचीच. ही कडक आचेवर मिनिटा-दोन मिनिटांत भाजायची. एवढ्या वेळात कोलॅजन विरघळत नाही, मांस मऊ लागतं ते धागे आखूड कापले गेल्यामुळे. कोरियन लोक मुरवणात किसलेलं नाशपाती घालतात, आपण कच्च्या पपईचा चमचाभर गर अर्धा तास लावला तरी चालतं. जाड शॉर्ट रिब्जना मात्र पपई लावू नये. ती आतवर पोचत नाही, वरून लगदा आणि आतून वातड असं काहीतरी हाती येतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथे गायीच्या कत्तलीवर बंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही आहे. बाजारात मिळतं ते म्हशी-रेड्याचं, आणि ते बहुतेक तुकडे करून किलोवर विकतात. त्यातही बरगडीकडचे तुकडे मागून घेता येतात. चरबी कमी असते, म्हणून तेल थोडं सढळ.

शेवटी ‘बोनलेस शॉर्ट रिब्ज’. हे पाकीट बरेचदा बरगडीवरून आलेलंच नसतं, खांद्याच्या मांसाच्या लांबट पट्ट्या असतात. माल वाईट नाही, रस्स्यात छान शिजतो, फक्त हाड नसल्याने रस्सा हलका राहतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे बॅक रिब्जची चार हाडं सुटी करून, खरपूस भाजून त्याच पातेल्यात टाकायची. मांस एकीकडचं, अर्क दुसरीकडचा, आणि स्वस्त पाकीट कारणी लागतं.